मुक्काम पोस्ट एडिसन

न्यूयॉर्कपासून ट्रेनने पाऊण तास. रस्त्यावर साड्या, सोनं आणि पाणीपुरी. घराघरांत फ्रिजवर कालनिर्णय. आणि त्या कालनिर्णयवर पेनने गोल केलेली एक तारीख...

"अमेरिकेत आल्यासारखं वाटतंय का तुला?" गाडी पार्क करता करता ताईने विचारलं.

खरं सांगायचं तर नव्हतं वाटत! समोर साड्यांचं दुकान, त्याच्या शेजारी सोनाराचं, वरच्या मजल्यावर आयब्रो-थ्रेडिंग, कोपऱ्यावर पानवाला. फुटपाथवर सलवार-कमीज आणि स्पोर्ट शूज घातलेल्या दोन आज्या हातात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन गुजरातीत भांडत होत्या. नेवार्क एअरपोर्टवरून निघाल्याला तासही झाला नव्हता. सोळा तासांचा प्रवास करून मी परत घाटकोपरला पोचले की काय, असं वाटलं. फक्त हॉर्न ऐकू येत नव्हते.

हा ओक ट्री रोड. गाव एडिसन, काउंटी मिडलसेक्स, राज्य न्यू जर्सी. मावसबहिणीकडे पाच आठवडे राहायचं, भटकायचं आणि परत येऊन "अमेरिकेतलं आपलं गाव" अशा छापाचा एक मस्त हलकाफुलका लेख लिहायचा, हा माझा सप्टेंबर 2025 चा प्लॅन होता. लेख तर हाच आहे. हलकाफुलका मात्र राहिला नाही. का, ते पुढे येईलच.

पंचवीस गावं, एक काउंटी

काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा. मिडलसेक्समध्ये 25 छोटीमोठी गावं-शहरं आहेत. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या भरली 8 लाख 63 हजार. त्यातला साधारण चौथा हिस्सा आशियाई वंशाचा. एकट्या एडिसनमध्ये 1 लाख 7 हजार माणसं आणि त्यातली निम्म्याहून जास्त आशियाई. भारतीय सगळ्यात जास्त, पण चिनीही भरपूर. ताईच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये लिफ्ट नाही, जिने आहेत. त्या जिन्यांतून चढताना पहिल्या मजल्यावर सांबाराचा वास, दुसऱ्यावर कसल्यातरी चिनी मसाल्याचा आणि तिसऱ्यावर लसणीच्या फोडणीचा. तिसरा मजला ताईचा.

इथे मराठी माणूस गुजराती आणि तेलुगू मंडळींच्या मानाने कमीच. पण आहे, आणि आपल्या पद्धतीने आहे. म्हणजे दुकान काढलेलं नाही, मंडळ काढलंय! गणपती बसतो, नाटकं होतात, दिवाळी अंकांची देवघेव होते. ऑगस्ट 2022 मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच राज्यात, अटलांटिक सिटीला झालं. तेव्हा ताई स्वयंसेवक होती, नाश्त्याच्या काउंटरवर. "पहिल्या दिवशी पोहे संपले, त्यावरून किती ऐकून घेतलं माहितीये?" हे ती आजही तितक्याच रागाने सांगते.

काउंटी सगळी भारतीय आहे असं मात्र समजू नका. काउंटीचं मुख्य शहर न्यू ब्रन्सविक, तिथे फ्रेंच स्ट्रीटवर फिरलात तर मेक्सिकोत आल्यासारखं वाटतं. समुद्राकडच्या पर्थ अँबॉयमध्ये दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये. आणि मध्येच हंगेरियन चर्च! 1956 साली हंगेरीत उठाव चिरडला गेला, तेव्हा तिथून पळालेले हजारो निर्वासित आधी कॅम्प किल्मर नावाच्या इथल्या लष्करी तळावर उतरवले होते. त्यातले काही इथेच राहिले. म्हणजे बाहेरून येऊन "थोडे दिवस" म्हणून राहणं ही इथली जुनीच सवय आहे.

चालत कुठे निघालीस?

ओक ट्री रोडबद्दल एक गोष्ट मला माहीत नव्हती. 1980 च्या दशकाच्या शेवटी हा रस्ता पार मरगळलेला होता. मोठमोठे मॉल आले आणि रस्त्यावरची दुकानं एकेक करून बंद पडली. भाडी उतरली. तेव्हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून, जर्सी सिटीतून भारतीय दुकानदार इथे सरकले. आधी किराणा, मग साड्या, मग सोनं. आज एडिसनपासून शेजारच्या इझेलिनपर्यंत अख्खा रस्ता त्यांचा आहे. पटेल ब्रदर्समध्ये मला चितळ्यांची बाकरवडी मिळाली, थालिपिठाची भाजणी मिळाली, फ्रोझन पुरणपोळी मिळाली आणि "सॉरी, कढीपत्ता आज संपला" हे वाक्यही मिळालं, तेही हिंदीतून.

शनिवारी इथे येऊ नका. आलात तर पार्किंगसाठी अर्धा तास धरा. चाट खायची असेल तर मंगळवार-बुधवारची संध्याकाळ बेस्ट. पाणीपुरीत बटाटा जास्त, तिखट कमी, पण मागितलं तर आतून वेगळी हिरवी चटणी येते. ती मागा.

बाकी एडिसनमध्ये "फिरणं" ही भानगडच वेगळी आहे. तिसऱ्या दिवशी मी उत्साहाने चालत निघाले. गुगलबाबा म्हणाले, दोन किलोमीटर. आपल्याला दोन किलोमीटर म्हणजे काय! पण पाचशे मीटरवर फुटपाथ संपला. पुढे नुसतं गवत आणि त्याला लागून साठ-सत्तरच्या स्पीडने जाणाऱ्या गाड्या. मी गवतातून चालतेय आणि एक बाई गाडी थांबवून विचारतेय, "आर यू ओके?" तिच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती. इथे चालत फिरणारा माणूस म्हणजे एकतर गाडी बंद पडलेला, नाहीतर आयुष्यात काहीतरी बिघडलेला. नाहीतर भारतातून आलेले आई-बाबा! संध्याकाळी कॉम्प्लेक्सच्या पार्किंग लॉटमध्ये गोल गोल चालणारी ती मंडळी तुम्हाला कुठेही दिसतील. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर, कानटोपी घालून.

गाडीतून जातानाही गंमत आहेच. न्यू जर्सीत मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळायचं असेल तर बऱ्याचदा आधी उजवीकडे बाहेर पडावं लागतं. मग गोल फिरून सिग्नलला यायचं आणि रस्ता ओलांडायचा. याला म्हणतात जगहँडल, सुरईचा कान. "आमच्या ग्रीन कार्डसारखं आहे," जिजू पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "जायचं इकडे, पाठवतात तिकडे."

आणखी एक. इथे स्वतःच्या गाडीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. 1949 पासून! पंपावर माणूस येतो, भरतो. ताईच्या नेहमीच्या पंपावर एक सरदारजी आजोबा आहेत. ते माझ्याशी पंजाबीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि दोघांनाही काही अडचण नव्हती.

आठ तेराची मेट्रोपार्क

जिजूंबरोबर एकदा मी त्यांच्या ऑफिसच्या वेळेला निघाले, न्यूयॉर्क बघायला. मेट्रोपार्क स्टेशन 1971 मध्ये सुरू झालं तेच मुळी या कल्पनेवर की उपनगरातल्या माणसाने गाडी इथे लावावी आणि ट्रेनने शहरात जावं. भलंमोठं पार्किंग, वर प्लॅटफॉर्म. सकाळी आठच्या सुमाराला तिथे उभं राहा आणि मला सांगा, डोंबिवली आठवत नाही का ते. म्हणजे गर्दी तेवढी नाही, दाराला लटकायचं नाही. पण तीच पाठीवरची बॅग, तोच कानात घातलेला इयरफोन, तेच "आज लेट आहे वाटतं." आणि तसेच ठरलेले डबे. जिजूंचा ग्रुप पुढून तिसऱ्या डब्यात. एक नागपूरचा, दोन हैदराबादचे, एक चेन्नईचा आणि एक पोलिश वंशाचा गोरा काका, जो त्यांच्यामुळे आता "चलो" म्हणतो.

जिजू 2014 मध्ये आले. एच-वन-बी व्हिसावर. कंपनीने 2016 मध्ये त्यांच्या ग्रीन कार्डचा अर्ज लावला. ताईने मला हे सगळं आकडे टाकून समजावलं, कारण मला वाटायचं की एवढी वर्षं राहिल्यावर आपोआप मिळत असेल. तसं नसतं. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं दर वर्षी ठराविक, आणि एका देशाच्या वाट्याला त्यातली साधारण 7 टक्के. मग देश भारत असो की आइसलँड! मी तिथे होते त्या ऑक्टोबरमध्ये भारतीयांच्या रांगेत 2013 साली अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता.

त्यांच्या घरात चार माणसं आणि तीन प्रकारचे कागद. जिजू एच-वनवर. ताई आणि पुण्यात जन्मलेली 13 वर्षांची भाची त्यांच्यावर अवलंबून, एच-फोरवर. 7 वर्षांचा भाचा न्यू ब्रन्सविकच्या हॉस्पिटलात जन्मला, त्यामुळे साहेब अमेरिकन नागरिक. 2015 पासून एच-फोरवरच्या काही जोडीदारांना कामाची परवानगी मिळायला लागली, म्हणून ताई एका डे-केअरमध्ये नोकरी करू शकते. भाची 21 वर्षांची होईपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर ती आई-वडिलांच्या कागदावरून बाहेर पडणार. हे तिला माहीत आहे. भावाशी भांडताना ती म्हणते, "तू जा ना, तू अमेरिकन आहेस!" आणि भाऊ खरंच विचारतो, "कुठे जाऊ?"

एक शुक्रवार, एक मंगळवार

पहिल्या आठवड्यात आम्ही घरं बघत होतो. भाड्याच्या जागेत 11 वर्षं काढल्यावर ताईने ठरवलं होतं, आता बस. उत्तर एडिसनमध्ये जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलच्या हद्दीत घर असेल तर किंमत लगेच चढते, कारण भारतीय आणि चिनी आई-बापांना तीच शाळा हवी असते. वर प्रॉपर्टी टॅक्स. न्यू जर्सीत त्याची राज्यभरची सरासरी 2024 मध्ये वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर गेली. तरी एक घर सगळ्यांना आवडलं होतं. मागे छोटं अंगण, त्यात एक ओकचं झाड. ताई किचनमध्ये उभी राहून मनातल्या मनात मिक्सर कुठे ठेवायचा ते ठरवत होती. मला दिसत होतं ना!

मग आला शुक्रवार, 19 सप्टेंबर. संध्याकाळी बातमी आली की नव्या एच-वन-बी अर्जासाठी 1 लाख डॉलर भरावे लागणार. त्या पहिल्या काही तासांत "नव्या" हा शब्द कुणालाच नीट दिसला नव्हता. रविवारी पहाटे 12 वाजून 1 मिनिटाने नियम लागू, देशाबाहेर असाल तर त्याआधी परत या, असे मेल मोठमोठ्या कंपन्यांनी पाठवले. ताईचा फोन रात्री अडीचपर्यंत वाजत होता. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारणीचा नवरा वडिलांच्या वर्षश्राद्धाला हैदराबादला गेला होता. त्याने तिप्पट भावाचं तिकीट काढलं आणि श्राद्ध टाकून एअरपोर्ट गाठला. शनिवारी सरकारने खुलासा केला, ही रक्कम फक्त नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना लागू नाही. तेव्हा तो दोह्याला विमान बदलत होता. शेजारीण जिन्यात बसून हसत होती आणि डोळे पुसत होती, एकाच वेळी.

रविवारी सर्वपित्री अमावास्या, सोमवारी घटस्थापना. ताईने होम डेपोतून आणलेल्या मातीत पटेलकडचं धान्य पेरलं. घरात जरा हुश्श झालं होतं.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता जिजू घरी होते, वर्क फ्रॉम होम. बेडरूममधून बाहेर आले आणि म्हणाले, "झालं." आम्हाला वाटलं, मीटिंग झाली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. सतरा मिनिटांचा कॉल, त्यांच्यासारखे आणखी बरेच जण, आणि शेवटचा दिवस आजचाच. कॉल संपला तेव्हा लॅपटॉपचं लॉगिन बंद झालेलं होतं.

एच-वनवर असताना नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज भरला पाहिजे, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदला, नाहीतर सामान बांधा. ताईने एकही शब्द न बोलता फ्रिजवरचं कालनिर्णय काढलं, पानं उलटली, दिवस मोजले आणि 22 नोव्हेंबरला पेनने गोल केला. मग तिने पान परत सप्टेंबरवर आणलं, म्हणजे मुलांना दिसायला नको. भाचीने दुसऱ्याच दिवशी पान उलटून बघितलं. मला माहीत आहे, कारण मीच तिला बघताना पाहिलं.

आधी अशी वेळ आली तर एक मार्ग असायचा. भारतात परत जायचं, तिथून नवी नोकरी शोधायची, नवा अर्ज, परत यायचं. मधले काही महिने सासरी-माहेरी काढायचे. त्या शुक्रवारनंतर हा मार्ग जवळपास बंदच झाला. बाहेर गेलेल्या माणसाला परत आणायला कुठली कंपनी 1 लाख डॉलर भरणार? म्हणजे जे काही करायचं ते इथेच, या 60 दिवसांत. आणि जिजूंची गेली की ताईचीही कामाची परवानगी जाणार. एकाच खुंटीवर दोन नोकऱ्या टांगलेल्या.

गरबा तर झालाच पाहिजे

शुक्रवारच्या गरब्याची तिकिटं महिन्यापूर्वीच काढलेली होती. इथे नवरात्र वीकेंडलाच येते, हे तुम्हाला कळलं असेलच. मला वाटलं, आता कसलं जातायत. तर जिजूच म्हणाले, "तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत. चला."

रॅरिटन सेंटर हा एडिसनमधला गोदामांचा आणि ऑफिसांचा प्रचंड परिसर. त्यातल्या एका हॉलमध्ये हजारो माणसं. बाहेर टाउनशिपचे पोलीस ट्रॅफिक सांभाळतायत, आत घागऱ्यांचा समुद्र. 1990 च्या दशकात इथल्या गरब्याच्या वेळेवरून गाव आणि आयोजक यांच्यात चांगलंच वाजलं होतं, प्रकरण फेडरल कोर्टापर्यंत गेलं होतं. आज पोलीसच हात करून "दिस वे, फोक्स" म्हणतात. आमच्या शेजारच्या गोलात एक काळी मुलगी इतकी सुंदर दोढिया करत होती की मी माझे पाय मोजायचे थांबवले.

ब्रेकमध्ये खाण्याच्या स्टॉलजवळ मी जे ऐकलं ते मात्र कुठल्याही ट्रॅव्हल गाइडमध्ये नाही. "तुझं काय?" "प्रोजेक्ट संपतोय डिसेंबरला." "आमच्याकडे जावा आहे, पण कॉन्ट्रॅक्ट." "रेझ्युमे पाठव ना, आजच पाठव." खिचू खाता खाता चार ठिकाणचे नंबर जिजूंच्या फोनमध्ये गेले. एक जण त्यांना साताठ वर्षांनी भेटत होता. पूर्वी दोघे एकाच गेस्ट हाउसमध्ये राहायचे. कन्सल्टिंग कंपन्या नव्याने आलेल्या पोरांना एका घरात सहा-सहा ठेवायच्या, गाद्या जमिनीवर, त्या काळातला दोस्त. "तेव्हा पण तू असाच बेंचवर होतास," तो म्हणाला आणि दोघे खो खो हसले. मग जिजू परत नाचायला गेले. रात्री एक वाजेपर्यंत नाचले. ताई नाचली नाही. ती सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली.

बल्बचं गाव, पहिल्या मताचं गाव

दिवसा घरात फोनवरचे इंटरव्ह्यू चालायचे, त्यामुळे मी बाहेर. बघण्यासारखं आहे का इथे काही? आहे, पण शोधावं लागतं.

थॉमस एडिसनने 1876 मध्ये इथल्या मेन्लो पार्कात प्रयोगशाळा काढली. 1877 मध्ये फोनोग्राफ, 1879 मध्ये विजेचा दिवा. आता तिथे प्रयोगशाळा नाहीच! 1929 च्या सुमाराला हेन्री फोर्डने ती मिशिगनला आपल्या संग्रहालयात उभी केली. इथे उरला 131 फुटी मनोरा, डोक्यावर भलामोठा काचेचा बल्ब, आणि शेजारी दोन खोल्यांचं म्युझियम. छोटं आहे, पण छान आहे. जुना फोनोग्राफ वाजवून दाखवतात. जाताना उघडण्याचे वार बघून जा, मी एकदा बंद दारावरून परत आले. गावाचं नाव पूर्वी रॅरिटन टाउनशिप होतं, 1954 मध्ये ते एडिसन झालं. त्याच फोर्डच्या कंपनीचा कारखाना इथे 1948 पासून होता. मस्टँग गाड्या इथे बनायच्या. 2004 मध्ये तो बंद पडला. म्हणजे या गावाने नोकऱ्या जाताना आधीही पाहिल्यात, फक्त तेव्हा कामगारांना देश सोडायला कुणी सांगितलं नव्हतं.

न्यू ब्रन्सविक एका दिवसात होतं. 1766 साली स्थापन झालेलं रटगर्स विद्यापीठ, जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय, कॅम्पसवर पोरांची झुंबड. टीबीवरचं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसीन, 1943 मध्ये याच विद्यापीठात सापडलं. शेजारचं मेटचेन अगदी पिक्चर पोस्टकार्ड, तिथे खरोखर चालता येतं! कॉफी प्या आणि या.

पर्थ अँबॉय मात्र निवांत बघा. समुद्राकाठचा रस्ता, समोर स्टेटन आयलंड. 31 मार्च 1870 रोजी थॉमस मंडी पीटरसन नावाच्या शाळेच्या एका रखवालदाराने या गावात मत दिलं. अमेरिकेच्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार दिला, त्यानंतर मत देणारा तो पहिला मानला जातो. त्या दिवशी जिजू माझ्याबरोबर होते. एक इंटरव्ह्यू रद्द झाला म्हणून गाडी काढली होती. ते पाटी वाचत बराच वेळ उभे राहिले. "अकरा वर्षं टॅक्स भरतोय," म्हणाले, "स्कूल बोर्डासाठीसुद्धा मत देता येत नाही." मग आम्ही डॉमिनिकन हॉटेलात तळलेली कच्ची केळी खाल्ली. कोकणातल्या कापांच्या जवळ जाणारी, फक्त जाड.

सगळं गोडच आहे असं नाही

एडिसनमध्ये वाढलेल्या जोएल स्टाइनने 2010 मध्ये "टाइम" साप्ताहिकात या गावावर एक "विनोदी" लेख लिहिला होता. आपलं बालपणीचं गाव भारतीयांनी कसं बदलून टाकलं, असा. इतका संताप झाला की लेखक आणि साप्ताहिक, दोघांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. 2017 मध्ये स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या एका चिनी आणि एका भारतीय वंशाच्या उमेदवाराच्या फोटोंवर "डिपोर्ट" असं छापून पत्रकं घरोघरी पाठवली गेली. ती भारतीय उमेदवार निवडून आली. 2022 च्या जानेवारीत सॅम जोशी एडिसनचे पहिले भारतीय वंशाचे महापौर झाले.

आणि आपणही काही संत नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या परेडमध्ये चक्क बुलडोझर निघाला. उत्तर भारतातल्या बुलडोझर कारवाईची ती खूण. ज्या ओक ट्री रोडवर भारतीय मुस्लिमांची, पाकिस्तान्यांची दुकानं आहेत, त्याच रस्त्यावर! ओरड झाली आणि आयोजकांनी माफी मागितली. ताई ज्याच्याकडून मटण घेते तो हैदराबादी खाटीक त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मी विचारलं, तर त्याने "कीमा कितना दूँ?" विचारलं. नोकरी गेल्याचं कळल्यावर त्याने ताईच्या पिशवीत अर्धा पौंड जास्त घातला होता, हेही सांगितलं पाहिजे.

उरले 37

16 ऑक्टोबरला मी निघाले. तोवर जिजूंचे 14 इंटरव्ह्यू झाले होते, तीन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत पोचून "आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही" ऐकून झालं होतं. घटाचं विसर्जन झालं, दसरा झाला. भाचीच्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे ती खूश. ताईने माझ्या बॅगेत मावशीसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि बदाम भरले. दर वेळी भरते. "तू सांगू नकोस हं आईला," एवढंच म्हणाली. मी पुण्याला जाऊन मावशीला भेटले आणि काहीच सांगितलं नाही. मावशी म्हणाली, "घर घेतायत ना? फोटो पाठवलाय मला. झाड छान आहे."

11 नोव्हेंबरला पहाटे ताईचा मेसेज आला. पिस्कॅटवेची एक कंपनी, घरापासून वीस मिनिटं. ओळख गरब्यातल्या त्या गेस्ट हाउसवाल्या दोस्ताची. पगार आधीपेक्षा कमी. 14 तारखेला कंपनीने अर्ज भरला. 8 दिवस हातात राहिले.

मी फोन केला, तेव्हा ती ओक ट्री रोडवर पार्किंग शोधत होती. घराचं काय, मी विचारलं. ते घर केव्हाच दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. आणखी बघणारेस का?

"अपार्टमेंटचं लीज वाढवलंय एक वर्ष," ती म्हणाली. "थांब हं, एक जण गाडी काढतोय वाटतं."